कडाप्पा, खडी की काळा दगड? फिशटँकमध्ये काय ठेवायचं

(आजच्या भागाचं लिखित रूप. बोलण्यातली भाषा तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, यावर काय अख्खा भाग करायचा? विषय आहे दगड. फिशटँकमध्ये ठेवायचा दगड.

पण बघा, मासे आपण चार दुकानं फिरून निवडतो. फिल्टरचे रिव्ह्यू वाचतो. आणि दगड? तो कुठूनही उचलतो. तोच दगड पुढची पाच वर्षं चोवीस तास त्या पाण्यात बसून राहणार असतो. मग दोन-तीन आठवड्यांनी मासे सुस्त झाले, एकेक करून गेले, की आपण दुकानदाराला दोष देतो. दगडाकडे कुणी बघतच नाही.

तर आधी प्रश्न, पार्ल्यात दगड मिळतो कुठे?

पहिली जागा, रिडेव्हलपमेंट. दर दुसऱ्या गल्लीत जुनी बिल्डिंग पडतेय, बाहेर डेब्रिजचा ढीग. तिथला दगड नको. त्याला सिमेंट चिकटलेलं असतं आणि सिमेंट पाण्याचा पीएच झपकन वर नेतं. रंग, ऑइल, गंजलेले खिळे, हे वेगळंच.

दुसरी, रेल्वेची खडी. दगड म्हणून ती चांगली असते, आपला काळा बेसॉल्टच. पण तिच्यावर ग्रीस, ब्रेकची धूळ आणि काय काय घाण बसलेली असते. शिवाय रुळांत उतरणं गुन्हा आहे आणि जिवाशी खेळ. माशासाठी आपला जीव नको रे बाबा!

तिसरी, जुहू बीच. शंख-शिंपले म्हणजे जवळजवळ शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट, त्यावर येतोच आपण. प्रवाळ तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, उचलायचंच नाही. बोरिवलीच्या नॅशनल पार्कातून किंवा अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवरून दगड आणायचा विचारही नको. गिल्बर्ट हिल साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा खांब आहे. तो बघायचा, फोटो काढायचा, घरी यायचं.

मग दगड ओळखायचा कसा? बरेच जण सांगतात, काळा असेल तर चांगला. इथेच फसगत होते.

तुमच्या किंवा आजीच्या स्वयंपाकघरातला ओटा आठवा. काळा कडाप्पा. त्यावर लिंबू पिळलं आणि पुसायचं राहिलं, तर पांढुरका डाग पडतो, आणि तो घासून जात नाही. का? कारण कडाप्पा हा चुनखडीचा दगड आहे. आम्लाने तो झिजतो. शहाबादी फरशी, कोटा, संगमरवर, सगळी त्याच घराण्यातली. आणि लोक माशांच्या गुहेसाठी नेमके याच फरशांचे उरलेले तुकडे वापरतात.

चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळते. पाण्याचा जडपणा वाढतो, पीएच वर सरकतो. आता मुंबईचं नळाचं पाणी येतं भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांतून, आणि ते तसं मऊ असतं. म्हणजे टँकमधलं पाणी जड होत जातं आणि तुम्ही रविवारी पाणी बदलता तेव्हा एकदम मऊ पाणी आत येतं. माशाला दर आठवड्याला हा झटका. दुसरं, माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. पीएच जितका जास्त, तितका त्यातला जास्त भाग विषारी रूपात असतो. म्हणजे दगडाने थेट मासा मारला नाही, पण अमोनियाला धार लावून दिली.

अर्थात चुनखडी सगळ्यांनाच वाईट नाही. आफ्रिकेच्या मलावी सरोवरातल्या सिक्लिडला जड पाणीच लागतं. मॉली, गप्पीही त्यात खूश. पण निऑन टेट्रा, डिस्कस असतील, तर नको.

आता टेस्ट. साधं पांढरं व्हिनेगर घ्या. दगड ब्रशने धुवून पूर्ण वाळवा, एका जागी खिळ्याने ओरखडा काढा आणि तिथे चार थेंब टाका. फसफसलं, बारीक बुडबुडे आले, की चुनखडी. आपल्या बेसॉल्टमध्येही कधी छोट्या पोकळ्या असतात, त्यांत पांढरे स्फटिक. त्यांतले काही कॅल्साइट निघतात, म्हणून त्या पांढऱ्या जागीही थेंब टाका.

पण व्हिनेगर सौम्य आहे, काही दगड त्यात गप्प बसतात. म्हणून दुसरी टेस्ट, बादलीची. दोन बादल्या, दोन्हींत सारखंच नळाचं पाणी. एकीत दगड, दुसरी रिकामी. सात दिवसांनी दोन्हींचा पीएच आणि हार्डनेस मोजा. टेस्ट किट दुकानात मिळतं. दुसरी बादली कशाला? कारण पाणी नुसतं ठेवलं तरी पीएच थोडा बदलतो. फरक दगडाचा आहे की पाण्याचा, हे तिच्यामुळेच कळतं.

हिरवट-निळसर डाग असलेला किंवा धातूसारखा चमकणारा दगड टेस्ट न करताच बाजूला ठेवा. तांबं असेल तर श्रिंप आणि गोगलगायी टिकत नाहीत. बोटाने चोळल्यावर भुगा पडतो, तोही नको.

पास झाला? आता सफाई. साबण अजिबात नाही, तो बारीक छिद्रांत बसतो. नवा ब्रश, वाहतं पाणी, बस. नंतर दगड बादलीत ठेवा आणि वरून उकळतं पाणी ओता. पण दगड गॅसवर ठेवून उकळायचा नाही, ओव्हनमध्ये तर नाहीच. आत अडकलेल्या पाण्याची वाफ झाली तर दगड तडकतो, तुकडे उडतात. आणि समुद्रातून आलेला दगड उकळणं आणखी धोक्याचं. त्यावर झोअँथिड नावाचे जीव असू शकतात. त्यांतल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे जबरदस्त विष असतं, ते वाफेबरोबर नाकात जातं. जगात अशाने अख्खी कुटुंबं हॉस्पिटलात गेली आहेत. आणखी एक, व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करायचं नाही, क्लोरीन वायू तयार होतो.

शेवटचं, मांडणी. आधी दगड, मग वाळू. उलटं केलंत तर मासे खालची वाळू उकरतात, दगड कलंडतो आणि काच फुटते. तळाशी पातळ फोमचा तुकडा टाका, वजन पसरतं. बेसॉल्ट पाण्याच्या जवळपास तिप्पट जड असतो, हे डोक्यात ठेवा. धारदार कड असेल तर घासून बोथट करा, गोल्डफिशचे लांब पर फाटतात.

दुकानातून घेणार असाल, तर लाव्हा रॉक आणि ड्रॅगन स्टोन सहसा निर्धोक. सेइर्यू म्हणून विकला जाणारा दगड मात्र बऱ्याचदा चुनखडीचा असतो. महाग आहे म्हणून विश्वास ठेवू नका, त्यालाही व्हिनेगर दाखवा.

थोडक्यात काय, दगड आज आणा, पण टँकमध्ये आठवड्याने टाका. तो आठवडा त्याने बादलीत काढू दे.

तुमच्या घरच्या दगडाने परीक्षेत काय दिवे लावले, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, स्वतःची आणि माशांचीही!