प्रमाणपत्राचे माप
(दिघा येथील ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार आताच झाला. आम्ही बोलणार आहोत ते, ज्यांचे नाव अशा सत्काराच्या वेळी कधी पुकारले गेले नाही, त्यांच्याविषयी.

आगर या शब्दावरून आपल्या ज्ञातीचे नाव पडले असे मानतात. भरतीचे पाणी कोणत्या कोंडीत किती दिवस धरावे, ही विद्या बापाने मुलास बांधावर उभे राहून दिली. तिचा कागद कोणी मागितला नाही. पुढे १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने कारखाने उभे राहिले. आपली माणसे तेथे मदतनीस म्हणून लागली आणि काम पाहता पाहता वेल्डर, फिटर, बॉयलरवाले झाली. हजेरीपटावर मात्र कित्येक जण मदतनीसच राहिले. कारखाना बंद पडला की हातातली कला हातातच राहते आणि दुसऱ्या दारी पुन्हा मदतनिसाच्या पगारावर उभे राहावे लागते.

अशांसाठी जगात एक विचार चालू आहे. अल्पकाळात मिळविलेल्या, नेमक्या आणि तपासलेल्या कौशल्याचे प्रमाणपत्र द्यावे आणि ते एका देशाचे दुसऱ्या देशात समजावे. यास मायक्रो-क्रेडेन्शियल म्हणतात; आपण लघुप्रमाणपत्र म्हणू. न्यूझीलंडने २०१८ साली ही पद्धत अधिकृत केली. युरोपीय संघाच्या परिषदेने जून २०२२ मध्ये सदस्य देशांस शिफारस केली की, अशा प्रत्येक प्रमाणपत्रावर ते देणारी संस्था, शिकलेल्या गोष्टी, लागलेले श्रम आणि परीक्षेचा प्रकार स्पष्ट लिहिलेला असावा.

अडचण मापाची आहे. आपल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात (२०२३) ३० तासांच्या अभ्यासाचा १ श्रेयांक आणि १,२०० तासांच्या वर्षाचे ४० श्रेयांक धरतात. युरोपात वर्षाचे ६० असून प्रत्येक श्रेयांक २५ ते ३० तासांचा असतो. न्यूझीलंडात १० तासांसच १ श्रेयांक मिळतो. म्हणजे ३० तासांचे तेच श्रम येथे एक ठरतात आणि तेथे तीन! एका तालुक्याची पायली दुसऱ्यात चालत नसे, ते दिवस वडीलधाऱ्यांस आठवत असतील. १९५६ च्या कायद्याने ती अडचण हळूहळू दूर झाली. तासांचा हिशेबही कोणी कारकून जमवून देईल. परंतु परीक्षा कोणी घेतली आणि ती खरी घेतली काय, याचा विश्वास हिशेबाने येत नाही.

युनेस्कोचा पदवी-मान्यतेचा जागतिक करार २०१९ साली संमत झाला व मार्च २०२३ मध्ये अमलात आला. परकीय शिक्षणात भरीव फरक दाखविता येत नसेल तर ते मान्य करावे, हे त्यातील तत्त्व उत्तम आहे. पण तो उच्च शिक्षणापुरता आहे. वेल्डरास त्याचा थेट आधार नाही. त्यापेक्षा आपल्या मुलांना जवळचा मार्ग जर्मनीचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने तेथील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्या देशात २०१२ पासून परकीय शिक्षण ताडून पाहण्याचा कायदा आहे. कागद अपुरे पडले तर प्रत्यक्ष काम करवून पाहण्याचीही सोय त्यात आहे आणि जे उणे असेल तेवढेच पुरे करता येते. मूळ शिक्षण मात्र रीतसर झालेले असावे लागते. बाराव्या वर्षापासून यंत्रापुढे उभा राहिलेला माणूस येथेही उंबऱ्याबाहेरच राहतो.

एक शंका आम्हांस छळते. मोठ्यांच्या मुलांना पदव्या आणि आमच्या मुलांना चिठ्ठ्या, असे तर होणार नाही ना? लघुप्रमाणपत्रांचे श्रेयांक साठत जाऊन पदविकेस लागत नसतील तर ती केवळ फी उकळण्याची युक्ती होय. म्हणून फी भरण्यापूर्वी प्रत्येक पालकाने विचारावे : हे प्रमाणपत्र राष्ट्रीय आराखड्याच्या कोणत्या पातळीचे आहे, किती श्रेयांकांचे आहे आणि मूल्यमापन कोण करणार? याचे उत्तर न देणाऱ्या वर्गाची पायरी चढू नये.

मंडळाच्या शिष्यवृत्ती निधीतून आजवर विद्यार्थ्यांस मदत होत आली. आमची विनंती अशी की, त्याचा एक हिस्सा चाळिशी उलटलेल्या कामगारांसाठी राखावा. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वी शिकलेल्या कामाची पारख करून प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. त्या पारखीच्या दिवसाची बुडालेली मजुरी मंडळाने द्यावी, अर्ज भरून द्यावा आणि पुढच्या संमेलनात त्यांची नावे याच व्यासपीठावरून पुकारावीत. कार्यकारिणीने हा ठराव येत्या बैठकीत घ्यावा. अर्ज लिहून देण्याचे काम आम्ही आमच्याकडे घेतो.