घराची वही



१९७२ साली मोठा दुष्काळ पडला. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. आई आणि दादा खडी फोडायला जात. तिथे सुकडी मिळे. आई आपल्या वाटणीची सुकडी पदरात बांधून आम्हां पोरांसाठी आणी.

रात्री चुलीपाशी दादा आईला सगळा हिशेब सांगत. कणगीत जोंधळा किती, कुणाचे देणे किती, सारे सांगत.

दोन वर्षांनी दादा अचानक वारले. फिटलेले देणे पुन्हा मागायला एक माणूस दारी आला. आई म्हणाली, "हे देणं पोळ्याच्या आधीच फिटलं. मालकांनी मला सांगितलंय." तो माणूस मुकाट्याने परत गेला. आमचे शेत वाचले.

आईला लिहिता येत नव्हते. तिने सारे ध्यानात ठेवले. तुम्हांला आता लिहिता येते, बरं का! मग एक वही करा. तिच्यात देणे-घेणे, बँकेचे खाते, जमिनीचा गट नंबर लिहा. खात्याला नॉमिनी कोण आहे, ते बँकेत विचारून तेही लिहा. वही घरच्या माणसांना वाचून दाखवा.

उद्या काय होईल ते कुणाला ठाऊक? आपल्या माणसांना अंधारात ठेवू नका.