एका बंदुकीचे एक काडतूस



कामगार संघटनेच्या माणसाने काडतुसावर बोलावे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण लेथपाशी आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. इंचाचा हजारावा भाग म्हणजे काय, हे लेथने शिकवले. त्या हजाराव्या भागासाठी माणसे काय काय करतात, हे पुस्तकांनी सांगितले. इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांत लष्कराने मोडीत काढलेल्या जुन्या रायफली बाळगणारे हौशी नेमबाज आहेत. ते आपली काडतुसे घरी, हाताने भरतात आणि साठ-सत्तर वर्षांच्या बंदुकीकडून अचूक नेम काढून घेतात. आज त्यांच्या कामाची हकीकत सांगणार आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून काडतूस बनवणे हा गुन्हा आहे, तेव्हा ही हकीकत करून पाहण्यासाठी नाही, समजून घेण्यासाठी आहे.

उदाहरण आपल्या ओळखीचे घेऊ. थ्री-नॉट-थ्री हा शब्द खेड्यातल्या म्हाताऱ्यालाही ठाऊक असतो. ही ली-एनफिल्ड रायफल. जेम्स पॅरिस ली हा तिच्या बोल्टचा आणि काडतूस-पेटीचा कर्ता, आणि एनफिल्ड हे इंग्लंडातल्या कारखान्याचे गाव. १८९५ साली ती ब्रिटिश फौजेत आली. पुढे ती एनफिल्डला झाली, बर्मिंगहॅमला झाली, ऑस्ट्रेलियात लिथगोला, कॅनडात लाँग ब्रँचला आणि आपल्या बंगालात इशापूरला झाली. तिची काडतुसेही ठिकठिकाणी झाली. पुण्याजवळच्या खडकीत १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. बुडावर 'के एफ' अशी अक्षरे असलेली तिथली काडतुसे परदेशच्या संग्राहकांनाही परिचित आहेत.

आता प्रश्न असा, की सरकारी काडतूस तयार असताना हाताने भरायचे कशासाठी? उत्तर साधे आहे. सरकारी काडतूस कोणत्याही रायफलीत बसले पाहिजे. चिखलात पडलेल्या, वाळूने भरलेल्या, आफ्रिकेच्या उन्हात तापलेल्या रायफलीतही ते अडकता कामा नये. म्हणून काडतुसाचे घर मुद्दाम ऐसपैस ठेवलेले असते. हा बाजारातला तयार सदरा झाला. तो सर्वांना होतो, पण नेमका कुणालाच बसत नाही. हाताने भरणारा मनुष्य शिंप्यासारखा आहे. तो एका गिऱ्हाइकाचे माप घेतो.

हे माप घेतात कसे? नळीत पेचदार खाचा असतात, त्या गोळीला फिरकी देतात. कागदोपत्री सगळ्या नळ्या सारख्या. पण युद्धाच्या घाईत हत्यारे झिजेपर्यंत वापरली गेली, आणि प्रत्यक्षात एका रायफलीच्या खाचांचा व्यास.३११ इंच भरतो तर दुसरीचा .३१५. म्हणून हा गृहस्थ मऊ शिशाचा तुकडा नळीतून हलकेच ठोकत बाहेर काढतो आणि मायक्रोमीटरने मोजतो. मग त्या मापाची गोळी निवडतो. गोळी बारीक निघाली तर वायू तिच्या बाजूने निसटतो, आणि ती खाचांत नीट न धरता डगमगत जाते. १९१० सालच्या सातव्या मार्कच्या काडतुसात १७४ ग्रेनची, सपाट बुडाची गोळी होती. नळीचे तोंड झिजलेले असेल तर आजही सपाट बुडाचीच गोळी बहुधा अधिक बरी जाते. निमुळत्या बुडाची नवी गोळी दिसायला देखणी असते, पण तिला निरोगी नळी लागते.

दुसरी गोष्ट पितळी पुंगळीची. बार उडाला की पुंगळी फुगते आणि घराच्या भिंतीला चिकटते. या काडतुसाला बुडाशी कड आहे. ते घरात किती आत बसायचे हे त्या कडेवर ठरते, पुढचा भाग सैल राहतो. फुगलेली पुंगळी दर वेळी साच्यात दाबून मूळ मापावर आणली, की पुढच्या बाराला ती पुन्हा ताणली जाते. असे काही वेळा झाले की बुडाच्या थोडे वर पितळ पातळ होते आणि एके दिवशी पुंगळीचे दोन तुकडे होतात. तो वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो. यावर उपाय असा, की पुंगळीचा फक्त गळा दाबायचा. बाकीचे अंग त्या रायफलीच्या घराच्या आकाराचे झाले आहे ते तसेच राहू द्यायचे. ती पुंगळी मग त्याच रायफलीची, दुसऱ्या कुणाची नाही. शिवाय टोक वाकवलेली बारीक तार आत घालून भिंत चाचपायची. टोक कुठे खाचेत अडखळले, तर पुंगळी भंगारात.

तिसरी गोष्ट टोपीची. जुन्या लष्करी टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळाले की क्षार मागे उरतो, तो हवेतला ओलावा ओढतो आणि नळी गंजते. क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून आधी गरम पाणी, मग कोरडा चिंधा, मग तेल. समुद्रकाठच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. टोपीच्या इतिहासात एक गंमतही आहे. बॉक्सर हा इंग्रज, त्याची रीत अमेरिकेत रुजली. बर्डन हा अमेरिकन, त्याची रीत युरोपात आणि फौजांत रुजली. बर्डन टोपीच्या पुंगळीला बुडात दोन लहान छिद्रे असतात, त्यामुळे साध्या टाचणीने जुनी टोपी मागे ढकलून काढता येत नाही. म्हणून हाताने भरणारा बॉक्सरची पुंगळी शोधतो.

चौथी गोष्ट दारूची, आणि जीव हिच्यावरच असतो. पूर्वी कॉर्डाइट वापरीत. शेवयांसारख्या त्याच्या काड्यांची जुडी पुंगळीत घालून मगच तिचा गळा आवळीत. आता दाणेदार दारू असते. ती ग्रेनने तोलतात. एक ग्रेन म्हणजे साधारण अर्धी गुंज. दारू बनवणारे छापील कोष्टक देतात, त्यातल्या सर्वांत कमी आकड्यापासून आरंभ करायचा. पाच काडतुसे एका वजनाची, पुढची पाच किंचित अधिक. बोल्ट जड उघडू लागला, टोपी चपटी झाली, बुडाजवळ चकचकीत कडे दिसले, की थांबायचे आणि मागे यायचे. पण ही चिन्हे पुष्कळदा उशिरा दिसतात, म्हणून कोष्टक ओलांडायचेच नाही. भरून झाल्यावर सगळ्या पुंगळ्या उभ्या ठेवून उजेडात एकेकीत डोकावायचे. एकीत दुप्पट दारू पडली असेल तर ती इथेच कळते, नाहीतर खांद्याशी कळते.

या चढत्या वजनांत एक असे सापडते की पाचही गोळ्या जवळजवळ पडतात. नवशिक्याला वाटते, अधिक दारू म्हणजे अधिक चांगले. बहुतेक वेळा तसे नसते. जुनी रायफल पुष्कळदा कमाल वजनाच्या बरीच खाली प्रसन्न होते. आणि तिचा स्वभाव कधी चकित करतो. ली-एनफिल्डचा बोल्ट मागच्या बाजूस अडकतो, मॉझरसारखा पुढे नाही. त्यामुळे बाराच्या वेळी सांगाडा किंचित लवतो आणि नळीचे तोंड हलते. तोंड वर चढत असताना गोळी सुटली, तर वेगवान गोळी आधी म्हणजे खालून निघते, आणि मंद गोळी उशिरा म्हणजे वरून. दूरच्या लक्ष्यावर दोघींतले अंतर बरेच भरून निघते. ज्याला लोक दुबळेपणा म्हणत, तोच लांब पल्ल्यावर गुण ठरला.

मात्र अचूक असणे वेगळे आणि कामाला पुरेसे असणे वेगळे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित शस्त्रांपुढे काही पोलिसांच्या हाती थ्री-नॉट-थ्री होती. तेथे रायफलीच्या नेमाचा प्रश्न नव्हता. माणसाला कोणत्या हत्याराने कोणत्या संकटापुढे उभे केले, याचा होता. छंदातल्या कौतुकाने ही गोष्ट झाकता येणार नाही.

आता संघटनेचा माणूस म्हणून एकच सांगतो. हाताने भरणारा कोणती जादू करतो? काही नाही. तो एका वेळी एकच गोष्ट बदलतो, वहीत लिहितो, आणि शंका आलेली पुंगळी बाजूला टाकतो. त्याच्यावर कुणी मुकादम नसतो, ताशी आकडा पुरा करायचा नसतो. टाकून देण्याचा अधिकार त्याच्या स्वतःच्या हातात आहे. कारखान्यातल्या कामगाराकडे तेवढेच नसते. एका यंत्रशाळेत आम्ही झिजलेली गेजे बदलून मागितली, तेव्हा तपासणी म्हणजे उत्पादन नव्हे, असे उत्तर मिळाले. बोनस मात्र नगावर होता. मग शंकेचा नग बाजूला कोण काढणार? जो काढील त्याचीच मजुरी कापली जाणार!

दारूगोळ्याच्या कारखान्यात या प्रश्नाची किंमत प्राणांनी मोजली गेली आहे. ५ डिसेंबर १९१६ रोजी इंग्लंडात बार्नबो येथे तोफगोळे भरणाऱ्या ३५ स्त्रिया स्फोटात गेल्या. १ जुलै १९१८ रोजी चिलवेलला १३४ माणसे गेली. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या कारखान्यात स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. प्रत्येक अपघाताची कारणे निरनिराळी, आणि चौकशीवाचून दोष देणे मला मान्य नाही. पण दारूजवळ काम करणाऱ्या हाताला थांबण्याचा अधिकार हवा, हे ठरवायला चौकशीची वाट पाहावी लागत नाही.

अचूकपणाला आपण एखाद्याच्या हातचे कसब समजतो. ते कसब आहेच. पण त्याच्या मुळाशी फुरसत आहे, खरे माप आहे, आणि 'हे नको' म्हणण्याची मोकळीक आहे. घरच्या टेबलाशी बसलेल्या छंदिष्टाला या तीन गोष्टी मिळतात, म्हणून जुनी बंदूकही त्याचे ऐकते. कामावरच्या माणसाला त्या मिळवून देणे, हे आमचे काम आहे.