दारू न पिणाऱ्या बाईचं लिव्हर

(वर्धा जिल्ह्यातील महिला मंडळं, बचत गट आणि आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



लिव्हर खराब झालं असं कुणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आधी दारुडा नवरा उभा राहतो. त्यात आपलं काही चुकत नाही. गांधीजी आणि विनोबांचा हा जिल्हा. इथे दारूबंदी आहे, तरी गावठी कुठे गाळतात आणि देशीच्या पेट्या कोणत्या रस्त्याने येतात हे तुम्हाला पाठ आहे. भट्ट्या फोडायला गेलेल्या कितीतरी बाया आज इथे बसल्या आहेत. पोट फुगून, पाय सुजून, डोळे पिवळे होऊन चाळिशीत गेलेले पुरुष आपण गावोगाव पाहिले आणि त्यांच्यामागे राहिलेल्या बायाही पाहिल्या. म्हणून 'सिरॉसिस' हा शब्द आपल्याकडे दारूच्या सोबतीनेच आला.

या आजाराची दुसरी बाजू आज मला मांडायची आहे. ज्यांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही अशा बायांनाही सिरॉसिस होतो, आणि आपल्या गावांत त्यांना आजाराबरोबर बदनामीही सोसावी लागते.

कामात भेटलेल्या एका बाईबद्दल सांगते. वय बावन्न, दहा वर्षांपासून साखरेचा आजार, गोळ्या कधी घ्यायच्या, कधी पैशापायी सोडायच्या. पोट वाढायला लागलं तेव्हा गॅस समजून काढलं. शेवटी सोनोग्राफी झाली, सिरॉसिस निघाला. कागद घरी आला तसं जावेने विचारलं, "चोरून घेत होतीस का?" दारूबंदीच्या मोर्चात पुढे असणारी ही बाई. शरमेने तिने दवाखान्यात जाणंच बंद केलं. पुन्हा आली ती रक्ताची उलटी झाल्यावर. तिचं लिव्हर साखरेने आणि चरबीने खराब झालं होतं, पण हे तिच्या घरच्यांना समजेल अशा भाषेत कुणी सांगितलंच नव्हतं.

मग हे होतं कसं? लिव्हर म्हणजे यकृत, उजव्या बरगडीखालचा सुमारे सव्वा ते दीड किलोचा अवयव. खाल्लेल्या अन्नातून आतड्यांत जे शोषलं जातं त्यातलं बरंचसं रक्तातून आधी इथे येतं. यकृताला सतत इजा होत राहिली की तिथे जखमेवर धरतो तसा वण धरतो. वणांवर वण पडून मऊ यकृत कडक आणि गाठीगाठीचं होतं. याला सिरॉसिस म्हणतात. मग आतड्यांकडून येणारं रक्त अडतं. पोटात पाणी साठतं. अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि फुटल्या तर रक्ताची उलटी होते. रक्तातली घाण साफ होत नाही, ती मेंदूवर परिणाम करते. माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, काहीबाही बोलतो. अशा वेळी बाईला 'बाहेरचं झालं' म्हणून मांत्रिकाकडे नेतात. तिला त्या घडीला दवाखान्यात नेलं पाहिजे, कारण वेळेवर औषध मिळालं तर ती शुद्धीवर येऊ शकते.

यकृताला इजा करणारी कारणं अनेक आहेत. दारू आहेच. तेवढीच दारू बाईच्या यकृताला पुरुषापेक्षा लवकर बाधते. दुसरं कारण हिपॅटायटिस बी आणि सी या विषाणूंचं. ते दूषित सुईतून, रक्तातून पसरतात, 'बी' लैंगिक संबंधातूनही, आणि आईकडून बाळाला जातात. 'बी'ची लस बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत मिळाली पाहिजे. 'सी' बहुतेकांचा साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या दोन्हींची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते असाही एक आजार आहे, तो पुरुषांपेक्षा बायांत जास्त आढळतो.

आणि आता झपाट्याने वाढणारं कारण म्हणजे यकृतात साठलेली चरबी. मधुमेह, पोटाचा घेर, वाढलेलं ब्लडप्रेशर, रक्तातली चरबी ही या दुखण्याची भावंडं. ती एकत्र आली की धोका वाढतो. वर दारूही असेल तर दोन्ही मिळून यकृताची नासाडी आणखी लवकर करतात. पूर्वी या आजाराच्या नावातच 'दारूशिवायचा' असा शब्द होता. २०२३ मध्ये जगभरच्या यकृततज्ज्ञांच्या संघटनांनी तो काढून शरीरातल्या चयापचयाच्या बिघाडाशी जोडलेलं नाव दिलं. नावातून दारू गेली, तशी ती लोकांच्या मनातूनही जायला हवी.

तुम्ही म्हणाल, आम्ही राबणाऱ्या बाया, आमच्या अंगावर कुठली चरबी? पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या खेड्यांत झालेला एक अभ्यास २०१० मध्ये छापून आला. तिथे फॅटी लिव्हर निघालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसं ना वजनदार होती, ना पोट सुटलेली. आपल्या पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास १९९३ पासून केला. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं दिसायला बारीक, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी जास्त. अशा बाळांना पुढे मधुमेहाचा धोका अधिक. म्हणजे उपाशी राहिलेल्या आईची किंमत मूल मोठेपणी मोजतं. बाईच्या ताटात शेवटी काय उरतं, हा प्रश्न यकृतापर्यंत असा येऊन पोचतो.

त्यात आपलं खाणंही बदललं. ज्वारीच्या जागी सोयाबीन आणि कपाशी आली, घरात भाकर कमी झाली, रेशनचा तांदूळ वाढला, दिवसातून चार वेळा साखरेचा चहा आला. पोरांच्या हातात पाच-दहा रुपयांची पाकिटं आली. यात बाईच्या आळसाचा काही संबंध नाही. स्वस्तात जे मिळतं, तेच ती शिजवते.

कोणी विशेष सावध राहावं? मधुमेह असलेल्यांनी, गरोदरपणात साखर वाढलेल्यांनी, अंडाशयात गाठींचा त्रास म्हणजे पीसीओडी असलेल्यांनी आणि पाळी गेलेल्यांनी. बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषाचा ९० च्या वर असेल तर तो आपल्या लोकांसाठी जास्त धरतात. तिशी ओलांडलेल्यांचा जो फॉर्म आशाताई भरते, त्यात कमरेचं माप असतं. ते अंदाजाने लिहू नका, टेप लावा. गर्भपिशवीच्या तक्रारीसाठी केलेल्या सोनोग्राफीच्या कागदावर 'फॅटी लिव्हर' असं लिहिलेलं असतं आणि कुणी तिकडे बघत नाही. ते बघा. घाबरू नका, यातल्या बहुतेकांना सिरॉसिस होत नाही. पण मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारा, 'फिब-४' काढता का? वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून हा आकडा निघतो. तो १.३ च्या खाली असेल तर सहसा धोका कमी, वर असेल तर पुढची तपासणी हवी. केंद्र सरकारने २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा आजार मधुमेह-हृदयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला आहे, तेव्हा ही तपासणी मागणं आपला हक्क आहे.

वेळेत कळलं तर उपाय हाताशी आहे. वजन जास्त असेल तर शंभरातले सात ते दहा किलो या प्रमाणात ते उतरवल्यावर यकृताची सूज कमी होते, वणही काही अंशी भरू शकतात. साखर आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या सोडायच्या नाहीत. आणि ज्या बाईला सिरॉसिस झालाच आहे तिने कडक उपास धरू नयेत. उपाशी पोटी तिचे स्नायू झिजतात. तिला डाळ, अंडं, दूध हवं आणि रात्री झोपण्यापूर्वी थोडं खाणंही हवं. पोटात पाणी असेल तर मीठ कमी. निंदणाहून आल्यावर अंगदुखीची गोळी दुकानातून आणून घेणंही तिला महागात पडतं. बहुतेक वेदनाशामक गोळ्या अशा रुग्णाच्या किडनीला घातक ठरतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आणखी एक गोष्ट. यकृत बदलण्याची वेळ आली की आपल्या देशात जिवंतपणी आपला अवयव काढून देणाऱ्यांत बाया जास्त, आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. बायको देते, आई देते. देणं वाईट नाही. पण तिला नाही म्हणण्याची मोकळीक होती का, आणि तिचंच यकृत गेलं असतं तर घरातलं कोण पुढे आलं असतं, हे आपण विचारलं पाहिजे.

तेव्हा दारूबंदीचं काम आपण सोडायचं नाही. त्याच्या जोडीला मंडळाच्या बैठकीत एक टेप ठेवा. मधुमेह असलेल्या बायांची यादी करा, त्यांच्या गोळ्या का सुटतात ते विचारा, आणि उपकेंद्रात औषध नसेल तर ग्रामसभेत बोला. दवाखान्यात बाईला दारूबद्दल विचारायचं असेल तर ते नवऱ्यासमोर, सासूसमोर विचारू नये, एकटीला विचारावं, असा आग्रह धरा. आणि गावात कुणा बाईचं पोट फुगलं, तर तिने काय केलं असेल याची चर्चा होण्याआधी तिच्यासोबत दवाखान्यात जायला आपल्यातली एक जण उभी राहिली पाहिजे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.