बसऱ्याची स्वारी आणि हिंदुस्थानची संमती



नंदुरबारच्या भर बाजारपेठेत ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मे झाले. त्यांच्या स्मृतीला दरवर्षी अभिवादन होते, आणि ते व्हायलाच हवे. परंतु ज्या 'चले जाव'च्या हाकेला ओ देऊन ही कोवळी मुले रस्त्यावर उतरली, तिच्या मुळाशी असलेली एक तक्रार हल्ली क्वचितच कोणी उच्चारतो. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले, ते या देशाच्या एकाही लोकप्रतिनिधीला न विचारता. असे परस्पर ठरविण्याची रीत मात्र जुनी होती. तिचा पुरता अनुभव एका पिढीपूर्वी इराणी आखाताच्या टोकाला येऊन गेला होता.

१६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबई बंदरातून एक फौज जहाजांवर चढून निघाली. तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. त्या दिवशी तुर्कस्तानशी युद्ध सुरूदेखील झालेले नव्हते! फौज बहारीनपाशी नांगर टाकून थांबली. ५ नोव्हेंबरला ब्रिटनने युद्ध पुकारले आणि दुसऱ्याच दिवशी शत्-अल्-अरबच्या मुखावरील फावच्या किनाऱ्यावर ती उतरली. युद्धनौकेच्या तोफांनी तेथील किल्ला गप्प केला होता. नोव्हेंबर संपण्यापूर्वी बसरा शहर इंग्रजांच्या हाती आले.

हा खटाटोप कशासाठी होता? शेजारच्या आबादानला अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना होता, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने त्या कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग विकत घेतले होते. आरमार कोळशाऐवजी तेलावर चालू लागले होते. आखातातील संस्थानिकांवर वचक ठेवणे हाही हेतू होताच. दख्खन-कोकणातील शेतकऱ्याच्या पोराचे तुर्की शिपायाशी कोणते वैर होते, हा प्रश्न सिमल्यात कोणाला पडला नाही.

साम्राज्यशाहीची भूक एका घासाने भागत नाही. तेलाच्या रक्षणासाठी बसरा घेतला. मग बसऱ्याच्या रक्षणासाठी कुर्ना, त्यानंतर अमारा, कूत, आणि शेवटी बगदादचा मोह. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनपाशी फौज थोपविली गेली आणि जनरल टाउनशेंड मागे फिरून कूतमध्ये कोंडले गेले. त्या वेढ्यात १०३, ११० व ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करावी लागली. सेनापतीची रवानगी इस्तंबूलजवळच्या बेटावर सुखवस्तू कैदेत झाली. शिपायांना मात्र वाळवंटातून पायी हाकण्यात आले आणि त्यांतील हजारो परत आले नाहीत. जखमींची जी आबाळ झाली, तिची चौकशी करणाऱ्या मेसोपोटेमिया आयोगाला हिंदुस्थान सरकारच्या कारभारावर कठोर ठपका ठेवावा लागला.

आणि पैसा? फौजेचा नेहमीचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीवरच टाकला गेला. शिवाय १९१७ साली १० कोटी पौंडांची 'देणगी' ब्रिटनला अर्पण करण्यात आली. देणाऱ्याला न विचारता घेतलेल्या रकमेला देणगी म्हणण्याची सोय केवळ राज्यकर्त्यांच्याच भाषेत असते.

या स्वारीचे राजकीय परिणाम मात्र राज्यकर्त्यांच्या हिशेबाबाहेर गेले. आयोगाचा अहवाल येताच भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन पायउतार झाले. पार्लमेंटातील चर्चेत हिंदुस्थान सरकारच्या जुनाट, ताठर यंत्रणेवर तुटून पडलेले एडविन माँटेग्यू त्यांच्या जागी आले आणि २० ऑगस्ट १९१७ रोजी जबाबदार राज्यपद्धतीची ग्वाही देण्यात आली. ती काही केवळ इंग्रजांच्या उदारपणातून आली नव्हती. होमरूल चळवळीचा रेटा तिच्यामागे होता, आणि कूतची नामुष्कीही होती. तरीही १० जून १९१८ च्या मुंबईतील युद्धपरिषदेत लोकमान्यांनी स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना थांबविले व ते सभात्याग करून निघाले. सैनिक हवे होते. सैनिक पाठविणाऱ्या देशाचे मत नको होते.

तिकडे मार्च १९१७ मध्ये बगदाद पडले, तेव्हा जेते म्हणून नव्हे तर मुक्तिदाते म्हणून आलो आहोत, असा जाहीरनामा काढण्यात आला. १९२० साली सान रेमोत तोच मुलूख ब्रिटनच्या 'मॅन्डेट'खाली गेला. इराकी जनता बंड करून उठली, आणि ते बंड चिरडण्यासाठीही हिंदी फौजाच वापरण्यात आल्या. एका गुलाम देशाच्या हातून दुसरा देश गुलाम करण्याचा हा प्रकार होता. १९२१ मध्ये फैसल यांना आणून गादीवर बसविले. एप्रिल १९४१ मध्ये पुन्हा बसऱ्याला हिंदी फौज उतरली व रशीद अलींचे सरकार उलथले. ती राजवट १४ जुलै १९५८ च्या क्रांतीत संपली. १९८६ मध्ये इराणने फाव घेतले, १९८८ मध्ये इराकने ते परत मिळविले आणि मार्च २००३ मध्ये ब्रिटिश मरीन सैनिक पुन्हा त्याच द्वीपकल्पावर उतरले. शब्दही जुनेच: मुक्ती!

त्या वेळी अमेरिकेने भारताकडेही सैन्य मागितले होते. लोकसभेने एप्रिल २००३ मध्ये त्या आक्रमणाची निंदा करणारा ठराव केला, देशभर विरोध झाला आणि १४ जुलै २००३ रोजी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने सैन्य पाठविण्यास नकार दिला. १९१४ आणि २००३ यांत जो फरक पडला, त्यात नंदुरबारच्या पाच मुलांचाही वाटा आहे. मात्र परदेशी सैन्य पाठविण्यापूर्वी संसदेची मंजुरी घेतलीच पाहिजे, असे बंधन सरकारवर घालणारा कायदा तेव्हाही नव्हता आणि अजूनही झालेला नाही.