वस्त्रातून सुटलेला धागा

सातपुड्याच्या रांगेत, बुऱ्हाणपूरच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरांवर असीरगड उभा आहे. उत्तरेकडून दक्षिणेत उतरणाऱ्या वाटेवर त्याचा पहारा असे. म्हणूनच ‘दक्षिणेचे द्वार’ हा लौकिक त्यास लाभला, आणि १६०१ मध्ये तो हस्तगत करण्याकरिता अकबरास जातीने या मुलखात यावे लागले. परंतु या गडाने सैन्ये अडविली, पाणी अडविले नाही. त्याच्या एका अंगास नर्मदेचे खोरे, दुसऱ्या अंगास तापीचे. आणि या दोन्ही नद्या अखेर खंबायतच्या आखातास मिळतात. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या प्रदेशाचा समुद्राशी असा नित्याचा संबंध आहे.

बुऱ्हाणपूर हे पूर्वापार विणकरांचे नगर. येथील कापड इराण, तुर्कस्तान आणि पोलंडपर्यंत जात असल्याचे सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने नमूद केले आहे. ते कापड सुती होते. आज या नगरात यंत्रमाग चालतात; तापीकाठीच, पण समुद्राजवळ वसलेले सुरत हे कृत्रिम धाग्याच्या कापडाचे देशातील मोठे केंद्र आहे; आणि घरोघरी दोरीवर पॉलिएस्टरचे कपडे वाळताना दिसतात. १९४१ मध्ये इंग्लंडात व्हिनफील्ड व डिक्सन यांनी शोधलेला हा धागा खनिज तेलापासून बनतो. म्हणजे मुळात तो प्लास्टिकच होय.

असे वस्त्र धुतले की त्यातून केसाहून बारीक तंतू सुटतात. सहा किलो अ‍ॅक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून अधिक तंतू बाहेर पडू शकतात, असे प्लिमथ विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले. मोरीतून गटार, गटारातून ओढा, ओढ्यातून नदी असा त्यांचा प्रवास होतो. काही तंतू वाटेत हतनूर व उकाई या धरणांच्या गाळात बसत असतील. उरलेल्यांना समुद्र मोकळा आहे. जेथे गाव नाही, गिरणी नाही, अशा आर्क्टिक महासागराच्या पाण्यात सापडलेल्या सूक्ष्म प्लास्टिकपैकी सुमारे ९२ टक्के कृत्रिम तंतूच होते आणि त्यांतही पॉलिएस्टरचाच भरणा अधिक होता, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले.

येथे एक सावधगिरी हवी. समुद्रपृष्ठावरील एकूण तंतूंपैकी बहुसंख्य कापूस, लोकर इत्यादींचे असून कृत्रिम तंतू जेमतेम आठ टक्के आहेत, असे २०२० च्या एका अभ्यासात दिसून आले. तथापि कापसाचा तंतू कालांतराने कुजतो. पॉलिएस्टरचा मात्र तुटून अधिक बारीक होतो, नाहीसा होत नाही.

उपाय अगदीच दुष्प्राप्य नाहीत. धुलाईयंत्रास गाळणी बसविण्याविषयी फ्रान्सने २०२० मध्ये कायदा केला. सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे बरेच तंतू अडवितात. मात्र तेथील गाळ शेतात पसरला तर तेच तंतू मातीत जातात. म्हणून धागा सुटतो तेथेच तो अडविणे श्रेयस्कर. गडाला जो पहारा करता आला नाही, तो आता घरच्या मोरीपाशी करावयाचा आहे.