रिचार्जचा हिशेबही वहीत लिहूया

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज सभेपुढे कर्जफेड आहे, बँक लिंकेज आहे, आणि त्यात माझा विषय मोबाईलच्या रिचार्जचा. काही जणी म्हणतील, त्यात काय बोलायचं? दुकानात गेलं, "महिन्याचं मार रे" म्हटलं, झालं काम. पण बघा, बाजारात आपण मिरचीचा भाव चार ठिकाणी विचारतो. गटात दहा रुपयांचा हिशेब लागला नाही तर सभा उठत नाही. आणि दर महिन्याला जाणारा हा खर्च मात्र आपण दुसऱ्याच्या सांगण्यावर करतो. म्हणून आज हा हिशेब मांडूया.

पहिली गोष्ट, महिना म्हणजे किती दिवस? आपण महिन्याचं म्हणतो, पण मिळतो तो बऱ्याचदा २८ दिवसांचा प्लॅन. वाटतं, दोन-तीन दिवसांनी काय होतंय! आता वर्षाचं बघा. २८ दिवसांनी मारत गेलं की वर्षात १२ नाही, १३ रिचार्ज होतात. समजा रिचार्ज ३०० रुपयांचं आहे. आपल्या डोक्यात ३,६०० असतात, खिशातून जातात ३,९००. वरचे ३०० म्हणजे, गटाची बचत महिना १०० रुपये असेल तर तीन महिन्यांची बचत. आणि घरात असे तीन फोन असले तर ९०० रुपये!

याच कारणाने २०२२ मध्ये ट्रायने, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने, नियम केला. प्रत्येक कंपनीने निदान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि निदान एक दर महिन्याला त्याच तारखेला येणारा ठेवलाच पाहिजे. दुकानदार स्वतःहून सांगेलच असं नाही. आपण विचारायचं.

पण ३० दिवसांचा आहे म्हणून तो स्वस्तच असतो असंही नाही, बरं का. त्यासाठी एकच गणित लक्षात ठेवा. रुपये भागिले दिवस. ३०० रुपये २८ दिवसांना म्हणजे रोजचे पावणेअकराच्या आसपास. समजा ८४ दिवसांचा प्लॅन ८१० रुपयांना आहे, तर रोजचे साधारण साडेनऊ. हे आकडे मी समजण्यासाठी घेतलेत. दर सारखे बदलतात, तुम्ही त्या दिवशीचे दर घेऊन भागाकार करा. फोनमधल्या कॅल्क्युलेटरवर होतो.

आता मावशी म्हणतील, पोरी, एकदम ८१० आणायचे कुठून? बरोबर आहे. मजुरी आठवड्याला येते. मग याच आकड्यांवर गटाचा विचार करून बघू. गटातून ८१० रुपये शेकडा २ रुपये व्याजाने घेतले आणि तीन महिन्यांत सारख्या हप्त्यांनी फेडले, तर व्याज होतं साधारण ३२ रुपये. तीनदा ३०० चं मारलं असतं तर गेले असते ९००, म्हणजे वाचले ९० रुपये. व्याज देऊनही ५८ हातात राहिले, आणि ते व्याजही आपल्याच गटात राहिलं. मात्र तुमच्याकडे फरक वीस-पंचवीस रुपयांचाच निघत असेल तर कर्ज काढू नका. आधी आकडा, मग निर्णय.

दुसरी गोष्ट, कोणत्या फोनला काय लागतं? घरात सासऱ्यांकडे बटणाचा फोन असतो. त्यावर इंटरनेट चालत नाही, तरी रोज दीड जीबीचं रिचार्ज मारलं जातं. वापर शून्य, पैसे पूर्ण. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ट्रायने नियम बदलला, आणि आता कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅनही ठेवावे लागतात. अशा प्लॅनची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. बटणाच्या फोनला तो विचारा. तिथंही भागाकार करायचा, विसरायचं नाही.

स्मार्टफोनचं असं, की रोज दीड जीबी, दोन जीबी मिळतो तो बहुतेक प्लॅनमध्ये रात्री बारा वाजता संपतो. उरलेला उद्याला जात नाही. म्हणून घेण्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये डेटा वापर उघडून बघा, महिन्यात खरंच किती लागला. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद करा. यूट्यूबवर क्वालिटी ३६० ठेवली तरी शिलाईचा, मसाल्याचा व्हिडिओ नीट दिसतो. "अनलिमिटेड फाइव्ह जी" असं कोणी सांगितलं तर तीन प्रश्न विचारा. माझा फोन फाइव्ह जीचा आहे का, गावात फाइव्ह जी येतं का, आणि ते याच प्लॅनवर आहे का. एकाचंही उत्तर नाही असेल तर त्याचे पैसे देऊ नका.

आता तिसरी गोष्ट, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. घरात पैशाची ओढाताण झाली की कोणाचं रिचार्ज आधी थांबतं? आपलंच ना? "मी काय घरातच असते, माझं राहू दे." असं म्हणू नका ताई. तुमचा नंबर तुमच्या बँक खात्याला जोडलाय, आधारला जोडलाय. लाडकी बहीण असो, गॅसचं बुकिंग असो, ओटीपी आणि मेसेज त्याच नंबरवर येतो. प्लॅन संपला की आधी आपला कॉल लागत नाही, आणि काही दिवसांनी बाहेरून येणारे कॉल आणि ओटीपीही बंद होतात. ९० दिवस नंबर वापरलाच नाही तर कंपनी तो बंद करू शकते. प्रीपेड खात्यात २० रुपये शिल्लक असले तर ते कापून ३० दिवस वाढतात, पण तेवढ्यावर विसंबू नका. बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्या कोणाला दिला जातो. मग तुमच्या खात्याचा मेसेज अनोळखी माणसाच्या फोनवर!

म्हणून काटकसर करायची तर डेटा कमी करा, मुदत तुटू देऊ नका. कमीत कमी दराचा, जास्त दिवसांचा प्लॅन चालेल, पण नंबर चालू पाहिजे. फक्त डेटाचं छोटं पॅक मारलं म्हणजे मुदत वाढली असं समजू नका, त्याला मूळ प्लॅन चालू लागतो. आणि नंबर बदललाच असेल तर बँकेत आणि आधार केंद्रात जाऊन नवा नंबर आधी नोंदवा.

शेवटचं रेंजचं. प्लॅन कितीही स्वस्त असला, घरात रेंज नसेल तर काय उपयोग? शेजारणीकडे कोणतं कार्ड आहे बघा. तिचा फोन तुमच्या स्वयंपाकघरात, अंगणात, शेतात लावून बघा. दुसऱ्या कंपनीत जायचं तर नंबर बदलावा लागत नाही. मेसेजमध्ये इंग्रजीत पोर्ट लिहायचं, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर टाकायचा आणि १९०० ला पाठवायचा. कोड येतो, तो आपल्याकडे चार दिवस चालतो. तेवढ्यात आधार कार्ड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले असले पाहिजेत. जुन्या कार्डातली शिल्लक नव्यात येत नाही, म्हणून प्लॅन संपत आला की मगच हे करा. आणि तो कोड दुकानदाराशिवाय कोणालाही फोनवर सांगू नका.

तर पुढच्या सभेला प्रत्येक गटाने वहीचं एक पान करून आणायचं. घरातले फोन किती, प्रत्येकाचे रुपये किती, दिवस किती, शेवटची तारीख कोणती. सचिव ताईंनी त्या तारखा बचतीच्या तारखेसारख्या वाचून दाखवायच्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं पान शेजारच्या ताईने भरायचं. भागाकार आपण इथे बसून मिळून करू. कुणाला पोर्टचा मेसेज पाठवायचा असेल तर सभा संपल्यावर फोन घेऊन माझ्याकडे या, मी थांबते.